दोन सेकंदांचा ऐब

"रेस देतो, पण गाडी लगेच उचलत नाही. क्षणभर विचारात पडते आणि मग एकदम झेप घेते." ऑटोमॅटिक गाडी असलेल्या घरांतून ही तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ या छोट्या गाडीबरोबर स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर आला आणि क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातही अशा गाड्या दिसतात. ज्यांचे गुडघे दुखतात असे वडीलधारे, शाळेत ये-जा करणाऱ्या आमच्या शिक्षिका भगिनी, नव्याने लायसन काढलेल्या सुना-मुली यांची या गाड्यांनी मोठी सोय केली. अल्लाहची ही नेमतच म्हणायची. पण नेमत वापरायची तर तिचा स्वभावही कळला पाहिजे.

आमच्या घरी अशी एक डिझेलची ऑटोमॅटिक एसयूव्ही तीन वर्षे होती. गाडी २०१८ ची, आम्ही तिचे दुसरे मालक. पहिली दोन वर्षे ती गुमान चालली. तिसऱ्या उन्हाळ्यात तिला हा रोग जडला. गतिरोधकावर पाय उचलावा, गाडी वीसच्या वेगावर यावी आणि पुन्हा रेस द्यावी, तर दोन सेकंद काहीच नाही. मग एक धक्का, आणि गाडी पळायला लागायची. सकाळी थंड गाडीत हे होत नसे. तासभर चालवल्यावर, त्यातही आपल्या विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी, हमखास व्हायचे.

दोन सेकंद म्हणजे किती, असे कुणालाही वाटेल. शाळेच्या फळ्यावर मांडतो तसे मांडून पाहू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोरून येणारी ट्रकही ६० ने येत असेल, तर दोघांमधले अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. दोन सेकंदांत ६६ मीटर. आपण ओव्हरटेकसाठी उजवीकडे निघालो, रेस दिली आणि गाडी दोन सेकंद विचारात पडली, तर समोरची ट्रक ६६ मीटर जवळ आलेली असते आणि आपण अजून पुढच्या बंडीच्या मागेच असतो. घाटंजीहून यवतमाळला जा, नाहीतर पांढरकवड्याला हैदराबादच्या महामार्गावर चढा. कापसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर, बंड्या, जिनिंगकडे निघालेल्या ट्रका आणि संध्याकाळी मध्येच आडवे येणारे रोही व रानडुकरे. अशा रस्त्यावर दोन सेकंद फार मोठे असतात.

सफरला निघताना आपण जी दुआ पढतो, ती कुरआनच्या सूरह जुखरुफमध्ये आहे. या सवारीला आपल्या ताब्यात देणारा अल्लाह आहे, आपल्या बळावर आपण तिला काबूत आणू शकलो नसतो, असा तिचा भाव. ही दुआ आमची मुले पाठ म्हणतात. गाडी अशी अडखळायला लागली तेव्हा तिचा अर्थ आम्हाला अधिक जवळून कळला. सवारी आपल्या ताब्यात आहे हे गृहीत धरायचे नसते.

आता या अडखळण्याचे कारण. आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: आजच्या गाडीत पायाखालच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत तार जात नाही. पॅडल फक्त मागणी नोंदवते. किती हवा, किती डिझेल द्यायचे आणि कोणता गिअर टाकायचा, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषणाचे कडक नियम आले. त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत धूर कमी ठेवण्याचा हिशेबही याच कॉम्प्युटरला करावा लागतो. म्हणून थोडीशी उशिराची सवय बहुतेक नव्या गाड्यांना असतेच.

शिवाय ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नव्हे. बाजारात त्याचे मुख्य चार प्रकार आहेत. पहिला ए.एम.टी. यात गिअर आणि क्लच आपल्या जुन्या गाडीसारखेच असतात, फक्त क्लच दाबायचे काम यंत्र करते. गिअर बदलताना जो झोका बसतो तो त्यामुळेच. दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसराही हळूहळू फिरायला लागतो. इथे हवेच्या जागी तेल असते. तिसरा सी.व्ही.टी. यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्यांवरचा पट्टा लहान-मोठा फेर घेतो. आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो, म्हणून लोक त्याला रबरासारखे ताणलेले म्हणतात. चौथा दोन क्लचचा डी.सी.टी. त्यात पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो. पण आपण अचानक उलट मागणी केली, म्हणजे गाडी वरच्या गिअरची तयारी करत असताना खालचा मागितला, तर तिला वेळ लागतो.

इंजिनाच्या बाजूने टर्बो आहे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी ही चक्की इंजिनात जास्त हवा कोंबते. पण इंजिनाचे फेरे कमी असताना धुराला जोर नसतो, म्हणून चक्की सुस्त राहते. फेरे वाढले की ती जागी होते आणि गाडी झेपावते. डिझेलच्या गाडीत हे जास्त जाणवते. हा स्वभाव आहे, आजार नाही.

स्वभाव आणि आजार यांत फरक कसा करायचा? आम्ही शिक्षक माणसे, म्हणून वहीच घातली. तारीख, थंड गाडी की तापलेली, वेग किती, चढ की सपाट, ए.सी. चालू की बंद, आणि डॅशबोर्डवरचा आर.पी.एम.चा काटा काय करतो. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. जो उशीर पहिल्या दिवसापासून आहे, रोज सारखाच आहे, तो बहुधा गाडीचा स्वभाव. जो नव्याने आला, वाढत चालला, फक्त गरम झाल्यावर किंवा फक्त थंडीत येतो, ज्याच्यासोबत धक्का, जळका वास किंवा पिवळा दिवा येतो, तो आजार.

काट्याकडे बघणे सर्वांत कामाचे. रेस दिल्यावर काटा वर जातो पण वेग वाढत नाही, तर ताकद इंजिनात तयार होते आणि गिअरबॉक्समध्ये हरवते, असे समजावे. काटाही हलत नाही आणि वेगही नाही, तर इंजिनालाच हवा किंवा इंधन पुरत नाही. आमच्या गाडीत दोन्ही प्रकार होते, म्हणून नुसत्या अंदाजाने ती कुणालाच कळत नव्हती.

शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने सांगितले, "ऑटोमॅटिकमध्ये असंच असतं." त्यांनी गाडी सकाळी, थंड असताना, आवारातच फिरवून पाहिली होती. कॉम्प्युटरमधल्या नोंदी पुसून गाडी परत दिली. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. एक गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. नोंदी पुसायच्या आधी त्यांचा कागद छापून घ्यावा. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट नेतो तसे ते पुढच्या मिस्त्रीला लागतात. आणि गाडी तापलेली असताना, मिस्त्रीला शेजारी बसवून, रस्त्यावर चालवून दाखवावी.

मग आम्ही यवतमाळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वही वाचली, बोनेट उघडले आणि स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात केली. हवेचा फिल्टर कापसाच्या तुसाने आणि धुळीने गच्च भरला होता. आपल्या भागात पुस्तकात लिहिलेल्या मुदतीची वाट पाहून चालत नाही. डिझेलचा फिल्टर बदलला. टर्बोकडून हवा नेणारी रबरी नळी एका ठिकाणी चिरली होती. थंडीत चीर मिटलेली राही आणि उष्णतेने रबर सैल पडले की हवा निसटे. ती बदलली. काटा न हलण्याचा प्रकार तिथेच संपला.

उरला दुसरा. गिअरबॉक्सचे तेल काढले तर ते काळसर निघाले. नवे तेल तांबूस असते. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकात हे तेल गाडीच्या आयुष्यभर चालते असे लिहिलेले असते. पण गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षे, अशी तेल बदलण्याची मर्यादा सांगते. या तेलाचे काम नुसते वंगणाचे नाही. त्याच्याच दाबावर आतले गिअर बदलतात. उष्णतेने तेल थकले की दाब वेळेवर तयार होत नाही आणि गाडी विचारात पडते. पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचे तेल घातले, कॉम्प्युटरला नव्याने शिकवले. अल्हम्दुलिल्लाह, फार मोठा फरक पडला.

पण पूर्ण गेले नाही. कडक उन्हात तासाभराने, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येताना एखादा सेकंद ती अजूनही थबकायची. मिस्त्री म्हणाले, "सर, आतल्या व्हॉल्व्ह बॉडीची झीज आहे. ते काम मोठं आहे. तोवर अशी सांभाळून चालवा."

त्यांनी सांगितलेले आणि आम्हाला अनुभवाने पटलेले इथे देतो, कारण अशी गाडी चालवणारे वाचक असतील.

ओव्हरटेक करायचा तर आधी आपल्याच रांगेत राहून गिअर मॅन्युअलवर घ्यावा, एक गिअर खाली आणावा, गाडीने पिकअप घेतला हे कानाने आणि पाठीने कळू द्यावे, मगच उजवीकडे निघावे. आधी निघून मग रेस देऊ नये. पॅडल धाडकन दाबू नये, दाब हळूहळू वाढवावा. कॉम्प्युटरला एकाएकी मोठी मागणी आली की तो जास्त गिअर खाली टाकतो आणि धक्का बसतो. चौकात रस्ता ओलांडताना समोरच्या गाडीचे अंतर नेहमीपेक्षा दुप्पट धरावे. डावा पाय ब्रेकवर ठेवून चालवण्याची सवय कुणाला असेल तर ती मोडावी. ब्रेक आणि रेस एकाच वेळी दाबल्यास अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर सुरक्षेसाठी इंजिनाची ताकद तोडतो, आणि आपल्याला वाटते गाडीत बिघाड आहे. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नये. रेल्वे फाटकावर किंवा गर्दीत ए.एम.टी. आणि डी.सी.टी.ची गाडी इंचाइंचाने सरकवत राहू नये, क्लच तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्यावी. लाल दिवा लागला किंवा जळका वास आला तर पुढे रेटू नये. आणि घरात जेवढे लोक ती गाडी चालवतात, त्या प्रत्येकाला तिचा हा ऐब दाखवून ठेवावा. आमच्याकडे अम्मीला दवाखान्यात नेण्याची पाळी भाच्यावर आली, तेव्हा किल्ली देण्याआधी आम्ही त्याला गावाबाहेर दोन फेऱ्या मारायला लावल्या.

गाडी नवी असेल आणि वॉरंटीत असेल तर "असंच असतं" यावर गप्प बसू नये. तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जाता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने असेही आले की, धोकादायक दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. ही दारे आपल्यासाठी उघडी आहेत. कागद हातात असला की ती ठोठावता येतात.

आमची गाडी जुनी होती, म्हणून ती दारे आमच्या कामाची नव्हती. आमच्यापुढे दुसराच सवाल उभा राहिला. मोठ्या कामाला पैसा घालायचा की गाडी विकायची? घरात विचार झाला आणि विकायचे ठरले. एका ओळखीच्या एजंटने सल्ला दिला, "गिऱ्हाइकाला सकाळी सातला बोलवा. थंड गाडीत काही कळत नाही. तेल नवं आहे, नळी नवी आहे, एवढंच सांगा. खोटं थोडीच आहे?"

खरेच, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आमचा मुलगा म्हणाला, "अब्बा, आपल्याला तरी घेताना कुणी काय सांगितलं होतं?" तेव्हा तो ऐब गाडीत होता की नाही, हे अल्लाहलाच ठाऊक. पण मुलाचा प्रश्न बाजारात रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर घरातच द्यावे लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर बोटांना ओल लागली. मालक म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधला हा प्रसंग आपल्या कापसाच्या मुलखात समजावून सांगावा लागत नाही. सीसीआयच्या खरेदीत कापसातला ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर कपात आणि बाराच्या पुढे माल परत. वरचा कापूस कोरडा आणि गाडीच्या पोटात ओला असेल, तर ग्रेडर हात आत घालतोच. सकाळी सातची थंड गाडी दाखवणे म्हणजे वर कोरडे धान्य ठेवणेच होते. आणि ओल्या धान्याने कुणाचा जीव जात नाही. ही गाडी घेऊन तो माणूस बायको-मुलांना बसवून महामार्गावर जाणार होता. ज्या दोन सेकंदांचा हिशेब आम्हाला पाठ होता, तो त्याला ठाऊक नसता.

आपल्या फिकहमध्ये याला खियार-ए-ऐब म्हणतात. विकत घेतलेल्या वस्तूत लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला ती परत करण्याचा हक्क आहे. आजचा ग्राहक कायदाही दोषासाठी दाद मागू देतो. पण अपघात झाल्यावर परत करायला काय उरते? म्हणून ऐब आधी सांगायचा.

आम्ही गिऱ्हाइकाला दुपारी दोनला बोलावले. पहिले गृहस्थ आले, तासभर फिरले, गाडी थबकली तशी त्यांचा चेहरा उतरला. "सांगितलंत, बरं केलंत," म्हणाले आणि गेले. घरात त्या दिवशी कुणी फारसे बोलले नाही. त्यानंतर महिनाभर कुणी आले नाही. ज्या पैशांवर मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीची भिस्त होती, ते अडकले. फी भरायला सोसायटीचे कर्ज काढावे लागले. हे लिहितो, कारण खरे बोलण्याची किंमत लगेच परत मिळते असे मुलांना सांगू नये. कधी ती आपल्यालाच भरावी लागते.

दुसरे गिऱ्हाईक आर्णीकडचे, स्वतः ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यांनी आमची वही मागून घेतली, मिस्त्रींना फोन केला, व्हॉल्व्ह बॉडीचा खर्च विचारला आणि तेवढी रक्कम भावातून कापली. आम्ही कबूल केले. विक्रीच्या कागदासोबत दुसरा एक कागद लिहिला: काय काय बदलले, काय उरले आहे, कोणत्या उन्हात, कोणत्या गिअरला गाडी थबकते. दोघांनी सही केली. मुलाने तो कागद आपल्या हाताने लिहिला, मराठीत, आणि मोठ्या अक्षरांत.

गाडी अजून धावते. काम करून घ्यायला त्यांना सवड मिळालेली नाही. परवा त्यांचा फोन आला होता, खैरियत विचारून झाल्यावर हसत म्हणाले, "तुम्ही लिहिलंय तिथंच थबकते, सर. घरात ज्याला ज्याला चालवायची असते, त्याला आधी तो कागद वाचायला देतो."